कोण मेलं?

"मेले!" असं मी ओरडायचे आणि आतून आईचा आवाज यायचा, "कोण मेलं?"

पहिल्यांदा ती खरोखर धावत आली होती. हातातलं काम टाकून, चेहरा पांढराफटक. पडद्यावर इंचभर उंचीचा एक माणूस खिळ्यांवर आडवा पडलेला बघून तिनं जो श्वास सोडला, त्यात सुटका किती होती आणि संताप किती, हे मला आजही सांगता येणार नाही. नंतर तिला सवय झाली. मग तो प्रश्न जागेवरूनच यायचा, उत्तराची फारशी वाट न बघणारा. "मीच," मी म्हणायचे. "परत?" ती म्हणायची. एवढ्यावर तो विषय मिटायचा.

खिळ्यांवरचा तो माणूस म्हणजे 'प्रिन्स ऑफ पर्शिया'मधला राजपुत्र. जॉर्डन मेकनर यांनी १९८९ मध्ये हा गेम अ‍ॅपल-टू संगणकासाठी केला. आमच्यापर्यंत पोचला तो त्यानंतरचा, डॉस या जुन्या संगणक-प्रणालीवर चालणारा. ६० मिनिटं, १२ लेव्हली आणि शेवटी राजकन्या. मी आणि दादा आळीपाळीनं खेळायचो. जो मेला त्यानं खुर्ची सोडायची, असा करार होता. दादा पडला की म्हणायचा "मेलो", मी पडले की "मेले". पडद्यावर दोघांच्या वेळी तोच माणूस, तेच पांढरे कपडे, तीच बोटभरानं चुकलेली उडी. पण क्रियापदाचं शेपूट मात्र खुर्चीत कोण बसलंय त्यावर ठरायचं. राजपुत्र पुरुष आहे म्हणून मी कधी "मेलो" म्हटलं नाही. आणि "तो मेला" असं तर आम्हा दोघांपैकी कुणीच, कधीच म्हटलं नाही.

हे मला फार उशिरा लक्षात आलं. सिनेमातला नायक मरतो तेव्हा आपण कितीही रडलो तरी "तो मेला" असंच म्हणतो. गोष्ट ऐकतानाही तसंच. गेममध्ये मात्र मरण प्रथमपुरुषी एकवचनी असतं, आणि ते तसं असावं हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. तोंडातून आपोआप तेच येतं.

त्यानंतर इतके गेम खेळले की नुसती नावं लिहायची म्हटली तरी दमेन. चित्रं कशी असावीत, गोष्ट किती असावी, संगीत कुठे थांबावं, या सगळ्याबद्दलची माझी मतं दर दोन-तीन वर्षांनी पालटत आली. टिकली ती एकच कसोटी: खेळताना माझ्या तोंडून काय निघतं. मी "मी" म्हणते का, कुठपर्यंत म्हणते, आणि कुठल्या क्षणी गुपचूप "तो" किंवा "ती"वर सरकते. समीक्षेची ही काही मान्यताप्राप्त रीत नव्हे. पण बोलताना माणूस खोटं बोलू शकतो. बेसावधपणी ओरडताना सहसा नाही.

राजपुत्राच्या बाबतीत "मी" इतका घट्ट का होता, याचं एक कारण मला वाटतं त्याचं वजन. मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला, कठड्याला लोंबकळायला लावलं, त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि एकेक चौकट समोर ठेवून राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या. म्हणून तो पळता पळता एकदम थांबत नाही, दोन पावलं घसरतो. वळायला वेळ घेतो. मारिओला हवेत असतानाही इकडेतिकडे सरकवता येतं. राजपुत्रानं उडी मारली की मारली, पुढचं त्याच्या नशिबावर. दोन मजले खाली पडला तर एक प्राण जातो, तीन मजले पडला तर सगळेच. शिफ्ट दाबून ठेवली तर तो कडेपर्यंत जपून, चवड्यांवर चालल्यासारखा जातो. ती शिफ्ट दाबताना मी स्वतः श्वास रोखून धरत असे, जणू माझ्या श्वासानं तो ढकलला जाईल. आता विचार करते तर गंमत वाटते. ते अंग कुणा वेगळ्याच मुलाचं होतं, त्याच्या मोठ्या भावानं टिपून ठेवलेलं, आणि त्यात आम्ही भावंडं पाळीपाळीनं शिरून "मी" म्हणत होतो.

पण या गेमची खरी करामत चौथ्या लेव्हलमध्ये आहे. परतीच्या वाटेवर अचानक एक आरसा उभा राहतो आणि वाट अडवतो. लांबून पळत येऊन त्या आरशातच उडी मारायची. तुम्ही अलीकडून पलीकडे जाता तेव्हा आरशातली सावली उलट बाजूनं बाहेर पडते आणि पळून जाते. तुमच्याकडे एकच प्राण शिल्लक राहतो. पुढच्या लेव्हलमध्ये ही सावली तुमच्या देखत तुमचं औषध पिऊन टाकते. त्याच्या पुढच्या लेव्हलमध्ये ती तुमच्या तोंडावर दार पाडते आणि तुम्ही खाली जाता. दादा तिला ज्या शिव्या घालायचा त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. आणि १२ व्या लेव्हलमध्ये ती तलवार उपसून समोर उभी राहते.

तिच्यावर वार केला की वार आपल्यालाच लागतो. तिचा एक प्राण गेला की आपलाही जातो. तिला मारलं की आपण मरतो. आम्ही कितीतरी दिवस तिथेच अडकून होतो. तेव्हा विचारायला कुणी नव्हतं आणि शोधायला जागा नव्हती. "मेलो", "मेले", "मेलो", "मेले". आई विचारायचीही बंद झाली होती. मग एका संध्याकाळी तलवार म्यान झाली. सावलीनंही केली. राजपुत्र तिच्याकडे चालत गेला आणि दोघं एक झाले. पुढे जिथे खाई होती तिथे पाऊल टाकलं की पायाखाली फरशी उमटायला लागली. ते बटण कुणी दाबलं यावर आमचं आजतागायत एकमत नाही. दादा म्हणतो, त्यानं विचार करून दाबलं. मी म्हणते, माझी पाळी होती आणि माझ्याकडून ते चुकून दाबलं गेलं. दोघांनाही "मी"च म्हणायचंय, एवढं नक्की.

पुढे कळलं की ही सावली मुळात योजनेत नव्हती. मेकनर यांच्याकडे आणखी एखादा शत्रू रेखाटून ठेवायला संगणकाच्या मेमरीत जागाच उरली नव्हती. म्हणून त्यांनी राजपुत्राचीच चित्रं थोडी सरकवून स्वतःवरच उलटवली. त्यातून ती चमचमणारी, कडा तेवढ्या दिसणारी आकृती तयार झाली. गेमनं मला "मी" आणि "तो" यांच्यातली सगळ्यात चांगली लढाई दाखवली ती जागेच्या टंचाईमुळे. अशा गोष्टी ऐकल्या की मला कलावंतांच्या मुलाखतींवरचा विश्वास थोडा कमी आणि कलेवरचा जास्त होतो.

जवळजवळ तीन दशकांनी, २०१८ मध्ये 'सेलेस्ट' आला. मॅडेलिन नावाची मुलगी डोंगर चढायला निघते. दुसऱ्याच प्रकरणात एक आरसा फुटतो आणि त्यातून तिचीच काळी प्रतिमा बाहेर पडून तिच्या मागे लागते. मी खेळता खेळता थांबले आणि दादाला फोन केला. "सावली परत आलीये," एवढंच म्हटलं. त्याला विचारावं लागलं नाही, कुठली म्हणून. इथेही शेवट तलवारीनं होत नाही. ती प्रतिमा मॅडेलिनशी जुळवून घेते, तेव्हा तिला हवेत दोनदा झेपावता येऊ लागतं.

मात्र 'सेलेस्ट'मध्ये मी "मेले" म्हणायचे बंद झाले. कारण साधं आहे: वेळच मिळत नाही. मॅडेलिन काट्यांवर आपटते आणि अर्ध्या क्षणात त्याच खोलीच्या सुरुवातीला उभी असते. "मे" म्हणेपर्यंत पुढची उडी झालेली असते. गेम तुमची मरणं मोजतो आणि वर सांगतो की या आकड्याचा अभिमान बाळग. माझा आकडा १८०० च्या पुढे गेला, आणि अभिमान वगैरे काही वाटला नाही, हे खरं. वाटली ती एक वेगळीच जवळीक. या गेममध्ये कडेवरून पाय सुटल्यावरही पुढचे काही क्षण उडी मारता येते. डोळ्यांना कळत नाही, बोटांना कळतं. राजपुत्र माझ्या चुकीची पुरेपूर किंमत वसूल करायचा. मॅडेलिनचा डोंगर माझी थोडीशी चूक पोटात घालतो आणि तसं बोलूनही दाखवत नाही. दोन्हींत डावंउजवं करायला सांगाल तर मी राजपुत्राच्या बाजूनं जाईन, पण त्यात बालपणाचा पक्षपात आहे.

ज्यात "तो"च नाही अशा गेमचं काय? 'टेट्रिस'मध्ये कुणी माणूसच नाही. अलेक्सी पाजित्नॉव्ह यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत हा गेम लिहिला तेव्हा त्यांच्या यंत्राला चित्र म्हणून फक्त अक्षरं उमटवता येत होती; चौकोन त्यांनी कंसांतून जुळवले. चार-चार चौकोनांचे सात आकार वरून पडतात, बस. तरी मी भरत आले की "गेले, गेले" म्हणते. कोण गेलं? पडद्यावर तर जाण्यासारखं कुणी नाही. लांब काठी हवी असते तेव्हा ती येत नाही आणि नको असताना लागोपाठ तीन येतात, यावर मी जेवढं व्यक्तिगत रागावले आहे तेवढी माणसांवरही रागावलेली नाही. माझ्या मते 'टेट्रिस'मधला "मी" म्हणजे ती मोकळी राहिलेली जागा. भरता भरता आपणच कमी होत जातो.

याला जोडून एक गोष्ट आहे, जी मला कायम अस्वस्थ करते. रॉबर्ट स्टिकगोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये 'सायन्स' नियतकालिकात एक प्रयोग मांडला. त्यांनी लोकांना 'टेट्रिस' खेळायला लावलं आणि झोप लागतानाच्या क्षणी काय दिसतं ते विचारलं. अनेकांना पडणारे आकार दिसत होते. यात नवल नाही, ज्यानं हा गेम एक रात्र जागून खेळलाय त्याला ते ठाऊक आहे. पण त्यांत पाच जण स्मृती गमावलेले होते. आपण खेळलो होतो हेच त्यांना आठवत नव्हतं. तरी त्यांपैकी तिघांना झोपेच्या उंबऱ्यावर ते आकार दिसले. मग खेळलं कोण? "मी"ला पत्ता नाही, आणि कुणीतरी आत अजून काठ्या जुळवतंय.

आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये १३ वर्षांच्या एका मुलानं जुन्या निन्टेन्डोवरचा 'टेट्रिस' १५७ व्या लेव्हलपर्यंत नेला. तिथे गेम गोठला, पडदा जागच्या जागी थिजला. कितीतरी वर्षं लोक मानत होते की २९ व्या लेव्हलनंतर माणसाच्या बोटांचं काम नाही. त्या मुलाचं चित्रण पाहिलं तेव्हा माझ्या मनात आईचाच प्रश्न आला, आणि त्याचं उत्तर पहिल्यांदाच वेगळं होतं. या वेळी गेम मेला होता.

आता ज्यांचं नाव घेणार नाही त्यांच्याबद्दल दोन शब्द. फोनवर मी काही महिने एक जुळवाजुळवीचा गेम खेळत होते. त्यात पाच प्राण असत; ते संपले की वाट बघायची किंवा पैसे मोजायचे. तिथे मी हरले की "मेले" असं कधीच आलं नाही तोंडात. "संपले," म्हणायचे. जसा फोनचा रिचार्ज संपतो. मरणाला दुकानात ठेवलं की ते मरण राहत नाही, आणि मी खेळाडू राहत नाही, खातेदार होते. पुसून टाकला. दुसरी जात आहे अवाढव्य नकाशांची. जिकडेतिकडे चिन्हं, जिथे जायचं तिथे बाण. बाणामागे चालत शंभर तास काढलेल्या एका गेमबद्दल मला दादानं विचारलं, काय केलंस त्यात? मला एकही वाक्य "मी"नं सुरू करता येईना. "ते एक किल्ल्याचं होतं, ते झालं," असं काहीतरी म्हटलं. ते झालं! कुणी केलं, कुणास ठाऊक.

'स्टार्ड्यू व्हॅली'बद्दल मला खूप जण विचारतात. एरिक बॅरोन यांनी तो साडेचार वर्षं एकट्यानं घडवला, चित्रं, संगीत, सगळं. त्याबद्दल आदर आहे. पण शेतातल्या कामांची यादी करत मी पहाटे दोनला जागी होते तेव्हा कळलं, आपल्याला आधीच एक नोकरी आहे.

'डार्क सोल्स' हा २०११ चा गेम मी दोनदा अर्ध्यावर टाकला आणि तिसऱ्यांदा पुरा केला. त्यात मेलं की पडदा काळवंडतो आणि मोठ्या तांबड्या अक्षरांत इंग्रजीत उमटतं: 'यू डाइड'. इंग्रजीचं बरं आहे. ना लिंग, ना मान. मी कितीदा तरी ते मराठीत कसं लिहिलं असतं याचा विचार केलाय, अर्थात पुन्हा तिथपर्यंत चालत जाताना. वेळ भरपूर असतो. "तू मेलास" हे शिवीसारखं वाटतं. "तू मेलीस" त्याहून वाईट. "तुम्ही मेलात" म्हटलं की सांगणारा हसू दाबतोय असा भास होतो. "आपला मृत्यू झाला आहे" ही तर सरळ नोटीस. आपल्या भाषेत मेलेल्याला त्याच्या मरणाची बातमी देण्याची सोयच नाही. ती गरज कुणाला पडली नव्हती. ज्याला सांगायचं तो ऐकायला असतो कुठे?

या गेममध्ये मेल्यावर तुम्ही साठवलेलं सगळं पडल्या जागी राहतं. परत तिथवर जाऊन ते उचलायचं. वाटेत पुन्हा मेलात तर आधीचं कायमचं गेलं. म्हणजे दुसऱ्या खेपेला तुम्ही आपल्याच मरणाच्या जागेकडे निघालेले असता, आणि भीती मरणाची नसते, मागच्या मरणाचं चीज न होण्याची असते. अशी भीती मला दुसऱ्या कुठल्याही करमणुकीनं दिलेली नाही. एका भव्य दालनात एक चपळ भालेवाला आणि एक अगडबंब हातोडेवाला अशी जोडी भेटते. एकाला पाडलं की दुसरा त्याची ताकद घेऊन ताजातवाना उभा. तिथे मी तीन आठवडे होते. आणि त्या तीन आठवड्यांत एकदाही म्हणाले नाही की गेमनं फसवलं. दरवेळी "मी"च. मी घाई केली, मी हावरेपणानं एक वार जास्त मारला, मी मागे बघितलं नाही. इतका स्वच्छ आरोप स्वतःवर ठेवायची संधी एरवी मिळत नाही. बाहेर प्रत्येक चुकीत चार जण भागीदार असतात.

मराठीची खरी पंचाईत 'जर्नी'नं केली. २०१२ चा छोटासा गेम, एका बैठकीत संपणारा. अंगभर झगा घातलेली एक आकृती वाळवंटातून लांबच्या डोंगराकडे चालत असते. मध्येच आणखी एक तशीच आकृती दिसते, आणि ती जगात कुठेतरी बसून खेळणारा खराखुरा माणूस असतो. नाव दिसत नाही. बोलता येत नाही. एक सूर तेवढा काढता येतो, लहान किंवा मोठा. जवळ आलात की दोघांच्या गळपट्ट्यांत पुन्हा उडण्याचं बळ भरतं. मी दादाला फोनवर सांगायला लागले, "आणि मग तिथे एक..." आणि अडले. आला? आली? इंग्रजी बोलणाऱ्याला अशा वेळी निसटून जाता येतं. आपलं क्रियापद मान धरून विचारतं, सांग, कोण होतं ते. शेवटी म्हटलं, "एक आलं." जसं आपण मांजराच्या पिल्लाबद्दल म्हणतो, किंवा तान्ह्या बाळाबद्दल. "ते माझ्यासाठी थांबलं. बर्फात मी मागे पडले तर परत आलं." शेवटी नामावळीत सोबत्यांची नावं येतात, माझ्या सोबत्याचं नाव म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे होते, त्यावरून काही कळलं नाही. माझ्यासाठी ते अजून नपुंसकलिंगीच आहे, आणि त्याहून प्रेमळ लिंग मराठीत नाही असं माझं मत झालंय.

तेच "आम्ही" आणि "आपण"चं. 'पोर्टल २' दादा आणि मी दोन टोकांना बसून दोन यंत्रमानव म्हणून खेळलो. पहिल्या तासाला तो म्हणत होता, "तू तिकडे उभी राहा, मी इकडून दार उघडतो." तिसऱ्या तासाला फक्त "आपण". "आपण पडलो," असंही तो म्हणाला, आणि खरं तर मी एकटीच पडले होते.

पुढचा भाग ज्यांना 'द लास्ट ऑफ अस' अजून खेळायचाय त्यांनी ओलांडून जावा. २०१३ च्या या गेममध्ये जोएल नावाचा खंगलेला, कडवट माणूस एली नावाच्या १४ वर्षांच्या मुलीला उद्ध्वस्त देशातून पोचवायला निघतो. देश ज्या रोगानं उद्ध्वस्त झाला त्याचा इलाज तिच्या मेंदूत असू शकतो. शेवटी कळतं की तो काढायचा तर ती जगणार नाही. जोएल दवाखान्यात घुसतो आणि शस्त्रक्रियेच्या खोलीपर्यंत पोचतो. समोर डॉक्टर उभा, हातात धारदार पातं, "पुढे येऊ नकोस" म्हणत. गेम इथे थांबतो. जोएल काही करत नाही. करायचं ते तुम्ही.

मी कंट्रोलर खाली ठेवला. वाटलं, थोडं थांबलं तर दुसरा काही मार्ग निघेल. म्यान केलेल्या तलवारीनं मला ती सवय लावली होती. पाच मिनिटं गेली. डॉक्टर तसाच उभा. बाजूच्या दोन परिचारिकांना सोडून देता येतं, त्याला नाही. शेवटी बटण दाबलं.

शाळेत भावे प्रयोग शिकवताना सांगतात की त्यात क्रियापद ना कर्त्याप्रमाणे बदलतं ना कर्माप्रमाणे. तेव्हा ते पाठ केलं होतं, त्या रात्री कळलं. "मी मेले" यात मी आहे, बाई म्हणून, सगळीच्या सगळी. दादा म्हणाला असता तर "मेलो". पण "मी त्याला मारलं" हे वाक्य मी म्हटलं काय, दादानं म्हटलं काय, जोएलनं म्हटलं काय, क्रियापद तेच. ते कुणालाच ओळख देत नाही. मरताना मराठी माणसाची खूण ठेवते आणि मारताना पुसून टाकते. मी दुसऱ्या दिवशी दादाला सांगताना म्हणाले, "मग जोएलनं त्या डॉक्टरला मारलं." पूर्ण गेमभर "मी" म्हणत आलेली मी, नेमकी तिथे सरकले. दादानं ते पकडलं. "जोएलनं?" तो म्हणाला. मी विषय बदलला. एखाद्या गेमनं मला खोटं बोलताना पकडलं असेल तर यानंच.

'पेपर्स, प्लीज' हा गेमही २०१३ चाच, लुकस पोप यांचा. त्यात तुम्ही अर्स्टोत्स्का नावाच्या काल्पनिक देशाच्या सीमेवर पारपत्रं तपासता. नवऱ्याची कागदपत्रं बरोबर, त्याला आत सोडलंत. जाता जाता तो म्हणतो, मागून बायको येतेय, तिच्याशी नीट वागा. तिच्याकडे प्रवेशाचा परवानाच नाही. दिवसाला दोन चुका माफ आहेत, पुढे दंड, आणि दंड बसला की घरच्यांच्या शेगडीला किंवा औषधाला पैसे उरत नाहीत. संध्याकाळी घरचा हिशोब येतो: मुलगा, बायको, सासू, आणि इंग्रजीत ज्याला 'अंकल' म्हणतात तो. उपाशी, आजारी, असं नावापुढे लिहिलेलं. माझा अंकल चौथ्या की पाचव्या दिवशी गेला. एका ओळीत. तो माझा काका होता की मामा हेसुद्धा मला माहीत नव्हतं. त्या बाईला मी परत पाठवलं होतं.

आई आता आमच्यापैकी कुणाकडे ना कुणाकडे असते. मागच्या वर्षी ती माझ्याकडे असताना मी पोप यांचाच 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' खेळत होते. १८०२ मध्ये लंडनहून निघालेलं एक जहाज हरवतं आणि १८०७ मध्ये एकही जिवंत माणूस नसताना इंग्लंडच्या किनाऱ्याला लागतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या विम्यासाठी तुम्ही त्याची तपासणी करायची. हातात एक घड्याळ. सांगाड्याजवळ ते उघडलं की आधी अंधारात शेवटचे आवाज ऐकू येतात आणि मग मरणाचा तो एक क्षण थिजून समोर उभा राहतो, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत. त्यात फिरायचं, बघायचं, आणि वहीत लिहायचं. ६० माणसं. यात मला मरताच येत नाही, त्यामुळे "मेले"चा प्रश्न नाही. गेमचा प्रश्न एकच असतो, प्रत्येक चेहऱ्यापुढे.

आई दारात उभी राहून बघत होती.

"कोण मेलं?" तिनं विचारलं.

"तेच शोधतेय," मी म्हटलं.

तिला समजावून सांगितलं. जहाजावरच्या माणसांची यादी आहे, चित्र आहे, पण कुठला चेहरा कुठल्या नावाचा हे कुणी सांगत नाही. बोलीवरून, पोशाखावरून, कोण कुणाशेजारी उभा आहे यावरून ओळखायचं. झोपायच्या झोळ्यांवर नंबर आहेत, तेच नंबर यादीत आहेत. तीन माणसांची माहिती बरोबर भरली तरच गेम मान्य करतो, त्यामुळे नुसत्या अंदाजानं भागत नाही. चार खलाशी मला तासभर सारखेच दिसत होते. मी चेहरे न्याहाळत होते.

"चेहरे काय बघतेस," आई म्हणाली. "झोपलेल्याचे पाय बाहेर आलेत. बूट बघ."

मी झोळीजवळ गेले. बूट पाहिले. दुसऱ्या दृश्यात गेले, तिथे तेच बूट घातलेला माणूस दोराशी उभा होता. नाव लिहिलं. दुसरा. तिसरा. वहीचं पान वाजलं आणि अक्षरं छापील झाली: तिन्ही बरोबर.

"उरले किती?"

"एकवीस."

"मग सरक जरा," आई म्हणाली.